आमच्यासोबत नसलेला माणूस

कुठलीही गोष्ट समजून घ्यायची असली की ते आधी उजवी बाही कोपरापर्यंत सारायचे, मग खाली बसायचे आणि मग हात घालायचे. मातीत, शेणखताच्या ढिगात, पाण्याच्या टाकीत, बंद पडलेल्या पंपाच्या पोटात, कुठेही. समोर कोणी नाक मुरडलं तर मान वर न करता म्हणायचे, "हात लावल्याबिगर काय समजते, जी?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी त्यांच्यासोबत अकरा वर्षं काम केलं. त्यांचं नाव लिहीत नाही. नागपूरच्या मिहानमधल्या जुन्या लोकांना वाचताच कळेल ते कळो, पण जी गोष्ट मी सांगणार आहे ती त्यांनी कधी कोणाला कळू दिली नाही. ती मी सांगते आहे. निदान नाव तरी माझ्या हातून जाऊ नये.

सगळे त्यांना काका म्हणायचे. मी सव्वीस वर्षांची होते, उद्यानविद्येची पदवी नुकतीच हातात आलेली, आणि एका मोठ्या कंपनीच्या आवारात उद्यान अधिकारी म्हणून माझी पहिली नोकरी लागली होती. काका तिथे मुख्य माळी होते. माझ्या हाताखाली म्हणायचे कागदावर. पहिल्याच महिन्यात प्रवेशद्वारासमोरची हिरवळ पिवळी पडली. मी माती तपासून घेतली, पुस्तकं काढली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की नत्र कमी पडलंय. खत टाकलं. हिरवळ आणखी पिवळी झाली.

एके दिवशी सकाळी मी आले तर काका बाही सारून बसलेले. त्यांनी खुरप्यानं हिरवळीचा पाटाएवढा चौकोन कापला, पोळी उलटावी तसा उलटला आणि खाली हात घातला. आत विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि साचलेलं पाणी. बांधकाम करणाऱ्यांनी मलबा तिथंच दाबून वर चार बोटं माती पसरली होती. मुळं पाण्यात कुजत होती. माझ्या खताचा त्याच्याशी काहीच संबंध नव्हता.

थोड्या वेळानं आमचे व्यवस्थापक आले. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात काका उठले आणि हात झटकत म्हणाले की मॅडमले डाऊट होता, म्हणून खोदून पायलं. व्यवस्थापकांनी माझं कौतुक केलं. मी ते घेतलं. आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, पुढं जे झालं त्याची सवय मला त्या दिवसापासूनच लागली असावी.

काका नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातले. घरची संत्र्याची थोडी बाग, ती भाऊ पाहायचा. पंधराव्या वर्षापासून ते रोपांना डोळे बांधायचे, म्हणजे जंगली रोपाच्या सालीत संत्र्याचा डोळा बसवून कलम करायचे. दर शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं गावी आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. सोमवारी त्यांच्या डब्यात जवसाची चटणी असायची आणि ती आम्हा सगळ्यांना पुरायची.

फुलांना त्यांनी आपली नावं ठेवली होती. पॅन्सीच्या फुलावर चेहरा असल्यासारखा दिसतो, म्हणून ती तोंडवाली. साल्विया ही सालूबाई. डायँथस दंतूस. रोपवाटिकेच्या वहीत ते हीच नावं लिहायचे आणि एकदा तपासणीला आलेल्या माणसानं गंभीरपणे विचारलं, की ही तोंडवाली कोण आहे आणि ती रजेवर का दाखवली आहे. रोपं उन्हानं कोमेजली म्हणून काकांनी तिच्यापुढं 'सावलीत आराम' असं लिहिलं होतं. मग मी हौसेनं प्रत्येक वाफ्यापुढं शास्त्रीय नावाच्या पाट्या लावल्या. काकांनी मला त्या एकेक करून वाचून दाखवायला सांगितल्या. अगदी लक्ष देऊन ऐकल्या. शेवटी म्हणाले, "नावं चांगले आहेत जी. हाक माराले कठीण आहेत."

डेलियाच्या बाबतीत मात्र ते कठोर होते. झाडाला आजूबाजूला कळ्या धरल्या की मधली एक ठेवून बाकीच्या खुडून टाकायचे. मला हळहळ वाटायची. त्यांना नाही वाटायची. पण संध्याकाळी त्या खुडलेल्या कळ्या कुठंच दिसायच्या नाहीत. पुष्कळ दिवसांनी पाहिलं, तर रोपवाटिकेच्या मागच्या बाजूला बादलीत पाणी घालून त्यांनी त्या ठेवल्या होत्या. त्यातल्या एक-दोन उमलायच्या. मी विचारलं तर ओशाळून हसले.

जानेवारीत आमच्या आवारात हंगामी फुलांचा नुसता पूर यायचा. सव्वीस जानेवारीला फुलं ऐन भरात हवीत, तर शेंडे कधी खुडायचे, पाणी कधी तोडायचं, हे सगळं काकांच्या बोटांवर मोजलेलं. अशाच एका जानेवारीत हॉलंडहून कंपनीचे एक संचालक आले. मूळ कंपनी तिकडचीच. उंच, म्हातारे, बागेचा मोठा शौक असलेले गृहस्थ. बैठक सोडून ते तासभर वाफ्यांतून फिरले आणि मला विचारलं, की हे कोणी केलं.

मी म्हणाले, आमच्या टीमनं.

त्यांनी काकांकडे पाहिलं. बाही सारलेली, कोपरापर्यंत माती. संचालकांनी त्यांचा तो मातीचा हात दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे वळून सांगितलं, की एप्रिलमध्ये आमच्याकडं वसंत असतो, ट्युलिप फुलतात. या माणसानं ते पाहिलंच पाहिजे. तुम्ही दोघं या.

असं ते जमून आलं. काकांचं वय तेव्हा छप्पन-सत्तावन. पासपोर्टसाठी जन्मतारीख लागली, ती गावच्या शाळेच्या दाखल्यावर सापडली आणि त्यांनी आजवर समजलेल्या वयापेक्षा ते दोन वर्षांनी लहान निघाले. त्याचा त्यांना फार आनंद झाला. त्यांच्या बायकोनं विचारलं म्हणे, की फुलं पाहाले इतक्या दूर काहून जा लागते, इथले सरले का? गावच्या शिंप्यानं तपकिरी कोट शिवून दिला. तो पोटावर तंग होता. नरखेडच्या बाजारातून त्यांनी एक लोकरीची कानटोपी घेतली, राणी रंगाची. पुरुषांच्या टोप्या संपल्या होत्या.

त्या टोपीची मला लाज वाटली. विमानतळावरच वाटली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला एकदम आभाळातून पडल्यासारखं वाटणार नाही.

आमच्यासोबत पुण्याहून एक साहेब होते. देशभरातल्या आमच्या सगळ्या आवारांच्या बागा त्यांच्याकडं होत्या आणि पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. त्यांची जागा कोणाला द्यायची हे बरंचसं त्यांच्याच शब्दावर होतं. मला ती जागा हवी होती. फार हवी होती. साहेब सभ्य होते, वाईट बोलायचे नाहीत, फक्त काकांकडं पाहून एकदा हसून म्हणाले, की यांना इथलं काय कळणार, याच पैशात दुसरा एखादा अधिकारी आला असता. मी त्यावर हसले. हसणं म्हणजे होकार नव्हे असं तेव्हा वाटलं होतं.

नागपुरात तेव्हा डांबर वितळत होतं आणि तिथं हॉलंडमध्ये आम्ही तोंडातून वाफा सोडत ट्युलिपच्या बागेत शिरलो. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या आम्हा वीसेक पाहुण्यांसोबत कंपनीनं एक वाटाड्या बाई दिली होती, लाल छत्री उंच धरून पुढं चालणारी. बागेबद्दल मी काय सांगू? नजर जाईल तिथवर रंगांचे पट्टे, ओढ्यासारखे वळणं घेत गेलेले. पिवळा, मग शेंदरी, मग जवळजवळ काळा वाटावा असा जांभळा. एकही फूल वाकडं नाही. मी भराभर फोटो काढत होते. काकांनी एकही काढला नाही. पहिल्या वाफ्यापाशीच ते थांबले आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिले. मुद्दाम बांधले होते, हे मला नंतर उमगलं.

बाईनं सांगितलं, की इथला एकेक वाफा मार्चपासून मेपर्यंत तीनदा फुलतो आणि मध्ये कोणी काही लावत नाही. मी ते काकांना सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. एका जागी एक कंद, त्याला एक फूल, ते गळलं की संपलं. मग तीनदा कसं? त्यांनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. मला माहीत नाही हे साहेबांसमोर कळायला नको होतं, म्हणून मी जरा तुटकपणे म्हणाले की नंतर सांगते. त्यांनी थोड्या वेळानं परत विचारलं. मी ऐकलं नाही असं दाखवून साहेबांसोबत पुढं गेले.

दहा-पंधरा पावलं गेले असेन. मागं कोणीतरी मोठ्यानं बोललं. वळून पाहिलं तर काका बुटक्या दोरीच्या पलीकडं, वाफ्याच्या कडेला गुडघ्यांवर बसलेले. बाही कोपरापर्यंत सारलेली. हात मनगटापर्यंत मातीत आणि बाजूला एक पिवळं ट्युलिप कंदासकट उपटून ठेवलेलं. राणी रंगाची टोपी त्या सगळ्या फुलांतसुद्धा उठून दिसत होती.

लोक गोळा झाले. दोघंतिघं फोटो काढू लागले. बागेचा एक तरुण कर्मचारी धावत आला, काकांना काही विचारू लागला. काकांना इंग्रजी येत नव्हतं. ते मातीकडं बोट दाखवत होते, मग त्या माणसाकडं पाहत होते, मग परत मातीकडं. साहेब माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "झालं. आता कंपनीचं नाव पेपरात येणार."

तेव्हा त्या कर्मचाऱ्यानं आजूबाजूला पाहिलं. हिंदुस्थानी चेहरे शोधत असावा. त्याची नजर माझ्यावर थांबली आणि त्यानं विचारलं, हे तुमच्यासोबत आहेत का?

मी मान हलवली. नाही.

तोंडानं मी काही बोलले नाही. बरीच वर्षं मी स्वतःला हा फरक समजावत आले, की मी नाही म्हणाले नव्हते. पण काका माझ्याकडंच पाहत होते. त्यांनी पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला, दुःख झालं, असं काही मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही नव्हतं. काही नवीन काम सांगितलं की ते समजून घेताना जसे पाहायचे, तसे त्यांनी पाहिलं. मग खाली मान घातली.

साहेब म्हणाले, चला. मी चालू लागले. वाटाड्या बाई पुढं गेली होती, तिला काही कळलं नव्हतं. तिला सांगायला हवं होतं. सांगू, थोड्या वेळानं, साहेब बाजूला झाले की. आम्ही काचघरात गेलो. तिथं शेकडो जातींची फुलं मांडली होती. साहेब माझ्याशी त्या जागेबद्दल बोलले, पहिल्यांदाच मोकळेपणानं बोलले. त्यातलं एकही वाक्य आज मला आठवत नाही. काचेवर आतून जमलेलं पाणी ओघळत होतं, तेवढं आठवतं.

दोन तासांनी बसपाशी माणसं मोजली तेव्हा एक कमी भरला. बाईनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, मागं राहिले असतील. आम्ही दोघी परत गेलो. बाई घाबरली होती, जवळजवळ पळत होती. ते कुठं असतील हे मला ठाऊक होतं आणि तरी मी तिच्यासोबत इकडं तिकडं पाहत, शोधत असल्यासारखी चालत राहिले.

फाटकाजवळच्या एका खोलीत काका बसले होते. टोपी मांडीवर. हातात कागदी कप. त्यांच्या शेजारी रबरी बूट घातलेला, पांढऱ्या भुवयांचा एक म्हातारा माळी बसला होता. दोघांच्या मध्ये टेबलावर कागद पसरलेला आणि त्यावर पेन्सिलीनं काहीतरी काढलेलं. मला पाहून काका उठले.

"भेटलं उत्तर, जी," ते म्हणाले. "तीन थर असते. उशिराचा कंद सगळ्यात खाली, मंग मधला, मंग लवकरचा वर. एकाच्या डोक्यावर एक."

त्या म्हाताऱ्या माळ्यानं बाईला हकिगत सांगितली. यांना इथं आणलं, नाव विचारलं, कुठल्या सहलीसोबत आलात विचारलं, तर ते काही बोलेनात. दुभाषी फोनवर मिळवला, हिंदीतून विचारलं, तरी नुसती मान हलवायचे. दंड करायचा की पोलिसांना कळवायचं असं चाललं होतं. तेवढ्यात हा म्हातारा खोलीत आला आणि त्यानं यांचे तळहात पाहिले. त्यानं आपले तळहात त्यांच्यापुढं धरले. मग त्यानं कॉफी मागवली आणि कागद घेतला.

बाईला काकांच्या कोटातून डोकावणारी निळी पट्टी दिसली. तिनं ती ओढली. कंपनीचं ओळखपत्र होतं, नाव, फोटो, फोन नंबर सगळं असलेलं. गळ्यातच होतं. ती चकित झाली. मला म्हणाली, त्यांना विचार, हे दाखवलं का नाही? एका मिनिटात सुटले असते.

मी विचारलं. मराठीत, खोलीतल्या इतर कोणालाही कळणार नाही अशा भाषेत.

काका म्हणाले, "तुम्ही मान हलवली ना, जी. मी समजलो, कंपनीचं नाव सांगाचं नाही."

बाई उत्तराची वाट पाहत होती. मी तिला इंग्रजीत सांगितलं, की ते घाबरले होते, त्यांना कार्डाची आठवणच राहिली नाही. तिनं काकांकडं करुणेनं पाहिलं. मी काय सांगितलं ते त्यांना कळलं नसेल, पण तिच्याकडं पाहून त्यांनी होकारार्थी मान डोलावली.

खरंच त्यांना तसं वाटलं होतं की ते मला जपत होते, यातलं खरं काय हे मला आजही माहीत नाही. दोन्ही बाजूंनी मी पुष्कळ विचार केला आहे. कुठल्याही बाजूनं केला तरी मी तिथंच येते.

परतीच्या प्रवासात ते नेहमीसारखे होते. माझी खिडकीची जागा होती ती त्यांना हवी का विचारलं, तर नको म्हणाले. चटणीची डबी काढून माझ्यापुढं केली. ते माझ्याशी अबोला धरतील, निदान एखादा दिवस तरी तुटक वागतील, असं मला वाटत होतं. त्याची मी जवळजवळ वाट पाहत होते. ते झालं नाही. आवारात पोचल्यावर त्यांनी सगळ्या माळ्यांना जमवून बागेचं वर्णन केलं. मॅडमनं मले सारी बाग हिंडवून दाखवली, असं सांगितलं. थरांचं सांगितलं. ते मॅडमनं तिथल्या माळ्याले विचारून घेतलं, असंही सांगितलं.

त्या हिवाळ्यात त्यांनी तसा वाफा आमच्याकडं केला. आपल्याकडं ट्युलिप कुठलं तगायला? त्यांनी खाली फुटबॉल लिलीचे कंद घातले आणि वर ग्लॅडिओलसचे. जानेवारीत ग्लॅडिओलसचे दांडे उभे राहिले. ते ओसरले, जागा उघडी पडली. मे महिन्यात, सगळं आवार भाजून निघालेलं असताना, त्याच मातीतून लिलीचे लालबुंद गोळे वर आले. लोक मुद्दाम पाहायला यायचे. कंपनीच्या मासिकात त्या वाफ्याचा फोटो छापून आला. फोटोत मी वाफ्यापुढं उभी आहे. काका नाहीत. त्यांना बोलावलं होतं, पण ते पाइप लावत होते आणि मी दुसऱ्यांदा बोलावलं नाही.

मला ती जागा मिळाली.

पुण्याला जाण्यापूर्वी एकदा मी ठरवून रोपवाटिकेत गेले. जुलै महिना होता, काका शेवंतीच्या फांद्या कापून वाळूत खोचत होते. दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणाले, काका, तिथं त्या दिवशी… त्यांनी वर पाहिलं आणि आधी खोचलेली एक फांदी उपसून माझ्या हातात दिली आणि विचारलं, की हिले मुळं फुटले का पाहा बरं, मले चष्म्याबिगर दिसत नाही. मी पाहिलं. फुटली होती. बारीक, पांढरी. मी तसं सांगितलं. मग आम्ही शेवंतीबद्दल बोललो. त्यांनी विषय बदलला असं मी कित्येक वर्षं म्हणत आले. त्यांनी फक्त एक फांदी दिली होती. विषय मी सोडला.

त्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला मी पुण्याहून आले. शाल, श्रीफळ, हार. त्यांची बायको येणार होती, पण तिला बरं नव्हतं. मला बोलायला सांगितलं. मी चांगलं बोलते, तसं लोक म्हणतात. मी हिरवळीची गोष्ट सांगितली, तोंडवालीची सांगितली, सगळे हसले. आणि मग बोलण्याच्या भरात माझ्या तोंडून गेलं, की परदेशातली ती अप्रतिम बाग आम्ही दोघांनी सोबत पाहिली, तो दिवस मी कधी विसरणार नाही. टाळ्या पडल्या. काका खुर्चीत शाल सावरून बसले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली, हो. मी खाली बसले आणि पाणी प्याले.

त्यानंतर दिवाळीला त्यांचा फोन यायचा. मॅडम बऱ्या आहेत ना जी, साहेब बरे आहेत ना, पोट्टे बरे आहेत ना, एवढंच. साहेब म्हणजे माझा नवरा, पोट्टे म्हणजे माझी मुलं. कधी मी घ्यायची, कधी बैठकीत असायची. मग उलट फोन करायचा राहून जायचा. एका दिवाळीला फोन आला नाही. तो आला नाही हे मला दिवाळीत कळलंच नाही. पुढं पंधरा-वीस दिवसांनी मी नागपूरला पाहणीसाठी आले, मनीषनगरला आईकडं उतरले होते. आवारात गेले आणि सहज विचारलं की काका कसे आहेत. जुना पहारेकरी माझ्याकडं पाहत राहिला. पोळ्याच्या सुमारास गेले म्हणाला. ताप आला, चार दिवसांत गेले. मले वाटलं तुम्हाले कळवलं असन कोणी.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गावी गेले. पहिल्यांदाच. इतक्या वर्षांत नरखेडकडं कामानिमित्त दोनतीनदा गेले होते, पण त्यांच्या गावाचा फाटा मी पाहिला नव्हता. अंगणात ताडपत्रीवर संत्र्यांचा ढीग पडला होता आणि त्यांची बायको एका बाजूला बसून लहान-मोठी निवडत होती. मी कोण ते सांगितलं. ती लगबगीनं उठली, आत सुनेला चहा ठेवायला सांगितलं आणि माझ्यासाठी खुर्ची आणवली. मी खुर्चीवर बसले नाही. तिच्याजवळ खाली ताडपत्रीवर बसले.

आजारपणाचं तिनं थोडक्यात सांगितलं. मग म्हणाली, "तुमचं नाव लय काढत, जी. तिकडं ते हरपले होते ना."

मी विचारलं, काय सांगितलं त्यांनी?

"त्यायनं सांगतलं, एवढी मोठी बाग, मी फुलं पाहता पाहता चुकलो. मॅडम दोन घंटे मले शोधून राहिल्या होत्या. भेटल्या तं डोळ्यात पाणी होतं म्हणे." ती जरा हसली. "सोयऱ्याधायऱ्यात कोणी आलं का हेच सांगत. मी म्हणो, तुम्ही तं लेकरावानी हरपले, अन् हे का सांगाची गोष्ट आहे?"

मी सांगितलं तिला. घाईघाईनं सांगितलं, मध्ये थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता. की ते हरवले नव्हते. मी त्यांना पाहत होते. मला विचारलं तेव्हा मीच मान हलवली, हे आमचे नाहीत म्हणून. दोन तास मी शोधलं नाही, मी फुलं पाहत होते. ते कुठं आहेत हे मला माहीत होतं. गळ्यात कार्ड असून त्यांनी ते काढलं नाही, माझं खोटं उघडं पडू नये म्हणून.

तिनं सगळं ऐकलं. हातात एक संत्रं होतं, ते कुठल्या बाजूला ठेवायचं हे तिला ठरवता येईना. शेवटी ते तिनं मोठ्यांमध्ये ठेवलं.

"त्यायनं असं नाही सांगतलं," ती म्हणाली.

मी म्हणाले, पण झालं असंच.

"तुम्ही म्हणता तं असन." तिचा आवाज चढला नव्हता, उतरलाही नव्हता. "पण मी आतापर्यंत त्यायचंच ऐकत आली, जी. आता ते नाहीत, अन् मी दुसऱ्याचं ऐकू?"

ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. मी ढिगापाशी तशीच बसून होते. आतून भांड्यांचा आवाज आला, मग तिचा, सुनेशी बोलताना.

"बाहेर ये वं. ह्याच त्या मॅडम. बाबाले दोन घंटे शोधलं त्यायनं."

सून ओले हात पुसत बाहेर आली. डोक्यावरून पदर घेतला आणि वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत.